ऑक्टेव्ह पेडल: सुधारणा आणि चांगला आवाज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घरच्या टेबलावर गिटारची पेडल्स, म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या पेट्या, दुरुस्त करताना ऑक्टेव्ह पेडलाबद्दल जे प्रश्न सतत कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्यांत ऑर्केस्ट्रातले गिटारवादक आहेत, कॉलेजच्या बँडमधली मुले-मुली आहेत आणि मिरवणुकीत बेंजो वाजवणारेही आहेत. "यात काय बदलून द्याल?" हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, परंतु टेबलावर आलेल्या पुष्कळशा पेडलांना सोल्डरिंगची गरजच नसते, म्हणून येथे वाजवण्याचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि हत्यारे नंतर काढली आहेत.

ऑक्टेव्ह पेडल नेमके काय करते?

वाजवलेल्या स्वराला ते वरच्या किंवा खालच्या सप्तकातल्या त्याच स्वराची जोड देते. वरचे सप्तक म्हणजे दुप्पट कंपनसंख्या आणि खालचे म्हणजे निम्मी. गिटारची मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झला वाजते, तेव्हा तिचे वरचे सप्तक २२० हर्ट्झला आणि खालचे ५५ हर्ट्झला येते. हे साधण्याच्या तीन पद्धती आहेत आणि आपल्या पेडलात त्यांपैकी कोणती आहे हे ठाऊक नसताना सुधारणेच्या फंदात पडू नये. पहिली पद्धत लाटेचा खालचा अर्धा भाग वर उलटवण्याची आहे. रॉजर मेयर यांनी बनवलेले आणि जिमी हेंड्रिक्स यांनी १९६७ मध्ये ध्वनिमुद्रणात वापरलेले ऑक्टेव्हिया, तसेच डॅन आर्मस्ट्राँग यांचे ग्रीन रिंगर, ही दोन्ही याच घराण्यातली. दुसरी पद्धत लाटा मोजून दर दोन लाटांमागे एक लाट बाहेर देण्याची आहे. १९८२ मध्ये आलेले बॉसचे ओसी-२ आणि फझसह (मुद्दाम फाडलेल्या, खरखरीत आवाजासह) दोन सप्तके खाली उतरणारे एमएक्सआरचे ब्लू बॉक्स ही तिची उदाहरणे. तिसरी पद्धत डिजिटल असून २००५ मध्ये आलेले इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे पॉग अख्खी कॉर्डसुद्धा वर-खाली नेते.

पहिल्या दोन पद्धतींच्या पेडलांना स्वर मुळीच कळत नाही; त्यांना समोर येणारी लाट तेवढी दिसते. लाट साधी आणि स्वच्छ असेल तर स्वस्तातले पेडलही सुरेल चालते, आणि ती गुंतागुंतीची असेल तर महागातले पेडलही भांबावते. खालची बहुतेक उत्तरे या एकाच गोष्टीतून निघतात.

लाट उलटवल्याने स्वर वरच्या सप्तकात कसा जातो?

कागदावर एक आडवी रेषा आखून तिच्यावर-खाली जाणारी लाट काढावी: एक डोंगर, एक दरी, पुन्हा डोंगर, पुन्हा दरी. आता रेषेखालची प्रत्येक दरी उलटून वर काढावी. पूर्वी जेवढ्या अंतरात एक डोंगर आणि एक दरी होती, तेवढ्याच अंतरात आता दोन डोंगर दिसतील, आणि तेवढ्याच वेळात दोन लाटा म्हणजे दुप्पट कंपनसंख्या. पेडलात हे काम सहसा एक ट्रान्झिस्टर आणि दोन डायोड मिळून करतात. ट्रान्झिस्टर सिग्नलच्या एकमेकांच्या उलट अशा दोन प्रती तयार करतो, प्रत्येक डायोड आपल्या प्रतीचा फक्त डोंगर पुढे जाऊ देतो, आणि दोन्हींकडचे डोंगर पुढे एकत्र येतात.

लाट शुद्ध साइन असेल तर या उलटापालटीत मूळ स्वर पूर्ण नाहीसा होतो. सर्वांत बलवान घटक दुप्पट कंपनसंख्येचा राहतो, चौपटीचा घटक त्याच्या एक-पंचमांश आणि सहापटीचा सुमारे एक-बारांश येतो. त्यामुळे या पेडलाचा आवाज बासरीसारखा गोल कधीच नसतो. त्याला एक झणझणीत किनार असते, आणि चांगल्या जुळणीच्या पेडलावर तो तंबोऱ्याच्या जवारीची आठवण करून देतो.

माझ्या पेडलात नुसता फझ ऐकू येतो, वरचे सप्तक येतच नाही. बिघाड आहे का?

बहुधा नाही. पेडल उघडण्याआधी पुढील गोष्ट एकदा करून पाहावी. नेक पिकअप (तारांचे कंप टिपणारा, मानेकडचा भाग) निवडावा, गिटारचा टोन पूर्ण खाली आणावा, बाराव्या पडद्याच्या पुढे पहिल्या तीन तारांपैकी एका तारेवर एकच स्वर वाजवावा आणि उजव्या हाताचा फटका पिकअपच्या वर, मानेच्या बाजूला ठेवावा. बाकीच्या तारा हाताने दाबून गप्प कराव्यात. ज्यांचे सप्तक "येत नव्हते", त्यांच्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर याच क्षणी हसू उमटलेले मी पाहिले आहे.

कारण सरळ आहे. तार मूळ स्वराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वरही वाजवते. घोडीजवळच्या ब्रिज पिकअपमध्ये हे उपस्वर मूळ स्वराच्या मानाने जोरकस असतात आणि लाट दातेरी होते. दातेरी लाट उलटवली की त्यातून दुप्पट स्वराऐवजी सरमिसळ बाहेर पडते. मानेकडचा पिकअप आणि बंद केलेला टोन मिळून ती लाट साइनच्या जवळ नेतात. जाड, मोकळ्या सहाव्या तारेवर, म्हणजे ८२ हर्ट्झच्या आसपास, वरचे सप्तक स्पष्ट ऐकू येण्याची अपेक्षा ठेवू नये. तो या मंडलाचा (सर्किटचा) स्वभावच नव्हे.

हे सारे करूनही सप्तक आले नाही, किंवा स्वर सुरू होताना येऊन लगेच विरून गेले, तर मात्र डायोड आणि जुळणी यांकडे वळावे.

दोन तारा एकत्र वाजवल्या की आवाज का फाटतो?

लाट उलटवण्याच्या क्रियेत दोन स्वर शेजारी-शेजारी राहत नाहीत. त्यांची बेरीज आणि वजाबाकीही बाहेर येते. ११० आणि १६५ हर्ट्झ, म्हणजे सा आणि प, एकत्र दिले तर ५५ आणि २७५ हर्ट्झचे नवे स्वर उपजतात. सा-प या जोडीत ते निदान नात्यातले असतात. सा-ग अशी तिसऱ्या स्वराची जोडी दिली की नाते विस्कटते, आणि अख्खी कॉर्ड दिली की केवळ खडखडाट उरतो.

हा दोष मुद्दाम वापरण्याची एक जागा सांगण्याजोगी आहे. पहिली तार बाराव्या पडद्यावर धरावी. ती ६५९ हर्ट्झला वाजते. त्याच वेळी दुसरी तार पंधराव्या पडद्यावर, म्हणजे ५८७ हर्ट्झवर, वाजवून हळूहळू ताणत पहिलीच्या स्वरापर्यंत न्यावी. सुरुवातीला दोहोंतला फरक सुमारे ७२ हर्ट्झचा असतो आणि तोही खाली गुरगुरताना ऐकू येतो. तार वर ताणत जावी तसा तो फरक कमी होतो, म्हणजे हात वर चढत असताना खालचा स्वर उतरत जातो, आणि दोन्ही तारा एकसुरात आल्या की तो विरून जातो. उलट्या दिशेची ही मींड या पेडलाने सहज मिळते.

फझ किंवा डिस्टॉर्शन ऑक्टेव्हच्या आधी लावावे की नंतर?

वरच्या सप्तकाच्या पेडलाआधी थोडा फझ उपयोगी पडतो, कारण तो स्वर लांबवतो आणि डायोडना पुरेसा जोर देतो. पुष्कळ फझ मात्र काम बिघडवतो. पूर्ण कापलेली चौकोनी लाट वर आणि खाली अशा दोनच पातळ्यांवर असते. तिची खालची पातळी उलटून वर नेली की सलग सरळ रेषा होते, आणि सरळ रेषेला आवाज नसतो. ऐकू येतात ते फक्त पातळी बदलतानाचे टोकदार काटे. "मी फझ वाढवतो तसे सप्तक कमी होते" ही तक्रार घेऊन येणारा वादक या अर्थाने बरोबरच बोलत असतो. फझची गेन अर्ध्याच्या खाली ठेवावी, तिचा टोन मंद ठेवावा आणि गिटारचा व्हॉल्यूम ६ किंवा ७ वर आणून ऐकावे.

खालच्या सप्तकाच्या पेडलाचा क्रम वेगळा आहे. त्याला स्वच्छ सिग्नल हवा, म्हणून ते साखळीत सर्वांत आधी ठेवावे. फार तर त्याच्या आधी एक कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारे पेडल) असावा. ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले आणि रिव्हर्ब हे सारे त्याच्या नंतर. डिले, म्हणजे प्रतिध्वनी, आधी लावून खालचे सप्तक मागणे म्हणजे दोघांना एकदम बोलायला लावून एकाचे म्हणणे लिहून घेण्यासारखे आहे.

डायोड बदलल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि या पेडलातली सर्वांत कमी खर्चाची सुधारणा तीच आहे. सिलिकॉनचा १एन४१४८ डायोड सुमारे ०.६ व्होल्टनंतर वाहू लागतो. जर्मेनियमचा १एन३४ए किंवा आपल्याकडच्या जुन्या रेडिओत सापडणारा ओए७९ हा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आसपासच वाहू लागतो. तार छेडल्यानंतर स्वर हळूहळू विरत जातो, आणि तो डायोडच्या उंबरठ्याखाली गेला की वरचे सप्तक एकदम गळून पडते. उंबरठा कमी असेल तर सप्तक अधिक वेळ टिकते. जर्मेनियम मिळत नसेल तर बीएटी४१ सारखा शॉटकी डायोड लावावा. आंधळ्या चाचणीत मला स्वतःला दोहोंतला फरक दर वेळी ओळखता आलेला नाही.

दोन डायोड एकमेकांना जुळणारे असणे हे ते कोणत्या जातीचे आहेत याहून महत्त्वाचे आहे. एका बाजूचा डोंगर उंच आणि दुसऱ्या बाजूचा ठेंगणा राहिला, तर एकाआड एक डोंगर वेगळा होतो आणि मूळ स्वर पुन्हा डोके वर काढतो. दहा-वीस डायोड घेऊन मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा, प्रत्येकाचे माप कागदाच्या पट्टीवर लिहावे आणि सर्वांत जवळची जोडी निवडावी. मोजताना डायोड चिमटीत धरू नये. बोटाच्या उबेने सिलिकॉनचे माप दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, आणि आपण जोडी जुळवत आहोत तीही नेमकी तेवढ्याच फरकाची असते. मे महिन्यातल्या दुपारी पंख्याखाली बसून एकीकडे डायोड आणि दुसरीकडे मीटर सांभाळताना मी एकदा संपूर्ण पट्टी चुकीची लिहिली होती; संध्याकाळी तेच डायोड वेगळी मापे देऊ लागले तेव्हा चूक लक्षात आली.

जर्मेनियम डायोडला डाग देताना त्याच्या तारेवर, डायोड आणि टाका यांच्या मध्ये, क्रोकोडाइल क्लिप लावावी म्हणजे उष्णता आत पोहोचत नाही. २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. काचेचे अंग असलेल्या डायोडची तार अगदी मुळाशी वाकवू नये, काच तडकते.

जुळणीसाठी प्रीसेट कसा बसवावा आणि कसा लावावा?

दोन उलट प्रती तयार करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि एमिटर या दोन्ही पायांवर सहसा सारख्याच किमतीचा रेझिस्टर असतो. साध्या ५ टक्केवाल्या मालात १० किलोओहम छापलेला रेझिस्टर ९.५ ते १०.५ पर्यंत कुठेही असू शकतो. पहिले काम म्हणजे दोन्ही जागी १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर लावणे. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते. त्यापुढे जायचे असेल तर कलेक्टरकडचा १० किलोओहम काढून तिथे ८.२ किलोओहम आणि त्याला सिरीजमध्ये जोडून ४.७ किलोओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवून किंमत बदलता येणारा छोटा रेझिस्टर) लावावा, म्हणजे दोन्ही बाजूंना फिरवायला जागा राहते.

आता प्रीसेट लावण्याची रीत. मोबाइलवर २२० हर्ट्झचा शुद्ध स्वर देणारे ॲप सुरू करून हेडफोनच्या वायरीतून तो पेडलात द्यावा. आवाज अगदी कमीपासून सुरू करावा. अँप्लिफायरमधून मूळ स्वर आणि त्याचे वरचे सप्तक असे दोन्ही ऐकू येतील. बारीक पेचकसाने प्रीसेट फिरवत गेल्यास एका जागी खालचा स्वर अचानक पातळ होतो आणि ४४० चा स्वर एकटा उभा राहतो. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना खालचा स्वर पुन्हा भरून येतो. ही जागा अरुंद असते. मिरजेच्या कारागिराला तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचे सूत केसभर सरकवून जवारी उघडताना ज्याने पाहिले असेल त्याला हे वेगळे सांगायला नको: आधी काहीच नाही, मग एकदम सारे काही, आणि लगेच पुन्हा काही नाही. दुसऱ्या मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारे ॲप ठेवले तर २२० चा सुळका बसताना डोळ्यांनाही दिसतो, पण शेवटचा निर्णय गिटार लावून बाराव्या पडद्यावरच करावा.

काहींना इतकी शुद्ध जुळणी आवडत नाही, आणि त्यात गैर काही नाही. मूळ स्वर थोडा शिल्लक ठेवला तर आवाजाला अंग राहते. म्हणून प्रीसेट पेटीच्या आत न ठेवता त्याच्या जागी बाहेर फिरवता येणारा पॉट बसवला, तर वादकाला जागेवरच हवे ते प्रमाण निवडता येते.

खालचे सप्तक अडखळते, मध्येच उडी मारते किंवा गुरगुरते. काय करावे?

खालच्या सप्तकाचे साधे मंडल आधी सिग्नलची चौकोनी लाट करते आणि मग सीडी४०१३ सारख्या फ्लिप-फ्लॉपकडून तिचे दोन भाग करून घेते. फ्लिप-फ्लॉप प्रत्येक चढाला एकदा पालटतो. दोन चढ झाले की एक पूर्ण लाट बाहेर पडते. ही मोजणी आहे, आणि मोजणारा फसला की सप्तक उडी मारते. जोरात छेडलेल्या तारेच्या लाटेत उपस्वरांमुळे एकाच फेरीत शून्याची रेषा वर चढताना दोनदा ओलांडली जाते. मोजणाऱ्याला त्या दोन लाटा वाटतात. स्वर विरताना सिग्नल उंबरठ्याच्या आसपास घुटमळतो आणि मग मोजणी अडखळते.

उपाय दोन जागी आहेत. हातात: नेक पिकअप, बंद टोन, मऊ फटका, एका वेळी एकच तार, आणि पुढचा स्वर वाजवण्याआधी मागचा पूर्ण थांबवणे. मंडलात: मोजणीच्या आधीचा लो-पास फिल्टर (खालचे स्वर जाऊ देणारा आणि वरचे दाबणारा) खाली आणणे. त्याची सीमा रेझिस्टर आणि कंडेन्सर यांच्या गुणाकारावर ठरते. १० किलोओहमबरोबर २२ नॅनोफॅरड असेल तर ती सुमारे ७२० हर्ट्झवर येते. कंडेन्सर ४७ नॅनोफॅरडचा केला, म्हणजे दुकानात "४७३" मागितला, तर सुमारे ३४० हर्ट्झवर. दुसऱ्या निवडीत जाड तारा अतिशय स्थिर होतात, परंतु पहिल्या तारेवर बाराव्या पडद्यापुढे सप्तक दुबळे पडते, कारण तिथला मूळ स्वरच ६५९ हर्ट्झचा आहे आणि फिल्टर त्यालाही दाबतो. दोन्ही हवे असल्यास छोटा टॉगल स्विच लावून दोन कंडेन्सरांत निवड ठेवावी. मी बासवादकांसाठी मोठा आणि सोलो वाजवणाऱ्यांसाठी लहान कंडेन्सर लावतो. बासवर आणखी खाली जाण्यासही हरकत नाही.

सीडी४०१३ हाताळण्यापूर्वी अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून नळाच्या किंवा लोखंडी कपाटाच्या धातूला हात लावावा, आणि आयसी थेट डाग देऊन बसवण्याऐवजी सॉकेटमध्ये घालावा. न वापरलेल्या अर्ध्या भागाच्या इनपुट पिना मोकळ्या न सोडता ग्राउंडला जोडाव्यात. मोकळी पिन हवेतला खरखराट उचलते आणि मग दोष दुसरीकडेच शोधत बसावे लागते.

खालचे सप्तक घरी पातळ वाटते आणि मंडपात मात्र सगळे दणाणते. असे का?

सहाव्या मोकळ्या तारेचे खालचे सप्तक ४१ हर्ट्झला येते. घरच्या छोट्या अँपच्या ८ इंची स्पीकरला तो स्वर फारसा देता येत नाही. आपण जे ऐकतो ते त्याचे उपस्वर असतात. मंडपातल्या मोठ्या बास स्पीकरपेट्यांना तोच स्वर पुरेपूर देता येतो. म्हणून खालच्या सप्तकाचा नॉब घरी लावून कार्यक्रमाला जाऊ नये. जागेवर ध्वनिव्यवस्थापकाला आधी सांगावे, नॉब शून्यावरून सुरू करावा आणि बासगिटार बंद असतानाच त्याची मर्यादा ठरवावी. बासगिटार आणि आपले खालचे सप्तक एकाच पट्टीत आले की दोघांपैकी एकाने गप्प बसायचे असते, आणि तो सहसा गिटारवादक असतो.

घरी मोठ्या स्पीकरवरही आवाज पातळच असेल तर बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा कंडेन्सर तपासावा. १०० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटआधी १० नॅनोफॅरड असेल तर १५९ हर्ट्झच्या खालचे सारे उतरणीला लागते, आणि खालच्या सप्तकाचे पेडल स्वतःच खालचे सप्तक गाळते. तिथे "१०४", म्हणजे १०० नॅनोफॅरड, लावला की सीमा १६ हर्ट्झवर जाते.

बेंजोला ऑक्टेव्ह पेडल चालते का?

छान चालते, कारण बेंजोवर चाल एकेरी स्वरात वाजते आणि या पेडलांना तेच हवे असते. अट अशी की सुराच्या साथीच्या तारा पिकअपपासून दूर ठेवाव्यात किंवा त्यांवर कापडाची पट्टी दाबावी, नाहीतर प्रत्येक स्वरात सा मिसळून मोजणी बिघडते. चालीच्या तारा दोन असतील तर त्या एकमेकींशी अगदी एकसुरात असाव्यात. किंचितही फरक असेल तर लाटेला हेलकावे येतात आणि प्रत्येक हेलकाव्याच्या तळाशी खालचे सप्तक तुटते. मिरवणुकीत मी खालचे सप्तकच सुचवतो. वरचे सप्तक ताशाच्या आवाजात हरवते.

पेडल लावले की गुणगुण वाढते. दोष कशाचा?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. सिंगल कॉइल पिकअपने उचललेली ५० ची गुणगुण वरच्या सप्तकाच्या पेडलातून गेली की १०० हर्ट्झची होते, आणि १०० हर्ट्झ छोट्या स्पीकरवर जास्त ठळक ऐकू येते. म्हणून "पेडल नसताना गुणगुण नव्हती" असे वाटते. ती होती, ऐकू येत नव्हती. आधी पेडल बॅटरीवर चालवून पाहावे. बॅटरीवर शांत असेल तर अडॅप्टर दोषी, बॅटरीवरही गुणगुण असेल तर पिकअप, वायर किंवा घरातले अर्थिंग. पेठांमधल्या जुन्या घरांत अर्थिंगचा भरवसा धरता येत नाही. तिथे इलेक्ट्रिशियनला बोलवावे, गिटारवाल्याला नव्हे.

कोणताही ९ व्होल्टचा अडॅप्टर चालेल का?

चालणार नाही. बहुतेक पेडलांच्या डीसी सॉकेटमध्ये मधला टोक ऋण असतो आणि इतर उपकरणांच्या पुष्कळ अडॅप्टरांत तो धन असतो. एका गणेशोत्सवात ऐन वेळी माझा अडॅप्टर सापडेना, म्हणून शेजारच्या किबोर्डवादकाचा १२ व्होल्टचा लावला. पेडलाचा दिवा लागला नाही, तीन-चार सेकंदांत बेकेलाइट तापल्यासारखा वास आला, आणि आयसीवर टाचणीच्या डोक्याएवढा फोड उठलेला नंतर दिसला. त्या रात्री उरलेला कार्यक्रम एकाच सप्तकात झाला. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक पेडलात संरक्षक डायोड आहे का हे मी आधी पाहतो. १एन५८१७ हा शॉटकी डायोड धन वायरीच्या वाटेत लावला तर सुमारे ०.३ व्होल्ट कमी होतात, पण उलटी वीज आत येत नाही. १एन४००१ समांतर लावण्याची जुनी पद्धतही आहे. तिच्यात पेडल वाचते, अडॅप्टरचे मात्र सांगता येत नाही.

डिजिटल ऑक्टेव्ह पेडलात काही बदलता येते का?

नाही. आत सगळे बारीक सरफेस-माउंट भाग आणि प्रोग्रॅम असतो. जॅक, स्विच आणि पॉट एवढेच दुरुस्त करावे.

नवी पेटी किंवा जादा भोके कुठे पाडून घ्यावीत?

घरच्या ड्रिलवर ॲल्युमिनियमची पेटी चेमटण्यापेक्षा शिवाजी उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये काम करून घ्यावे. भोकांची मापे कागदावर काढून न्यावीत: पायाच्या स्विचला १२ मिलिमीटर, जॅकला सुमारे १० आणि साध्या पॉटला ७ ते ७.५. पेटी पाहून तिथल्या मिस्त्रींनी मला "मोटर स्टार्टरची पेटी का?" असे विचारले होते. जॅक आत घातल्यावर तो पीसीबीला (भाग बसवलेल्या पाटीला) टेकत नाही ना, हे भोके पाडण्याआधी पुठ्ठ्याचा तुकडा कापून पाहावे. बाहेरचा पॉट वाढवायचा असेल तर पायाचा बूट कुठे पडतो तेही विसरू नये.

पावसाळ्यात पेडल खरखरते. का?

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दमट हवेने जॅक आणि पॉट हिरवट पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जॅक पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करावा, पॉट दोन्ही टोकांपर्यंत फिरवावा, आणि पेडल ठेवण्याच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. स्विच दाबताना "टप्प" असा आवाज येत असेल तर तो ओलाव्याचा नव्हे. इनपुट आणि आउटपुटला ग्राउंडकडे १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला की तो बहुधा जातो.

जुन्या, मूळ जपानी ओसी-२ मध्ये सुधारणा करावी का?

शक्य तो करू नये. त्याच मंडलाची स्वस्त नक्कल घेऊन तिच्यावर हात साफ करावा. करायचीच असेल तर एका वेळी एकच भाग बदलावा, प्रत्येक बदलानंतर निदान एक पूर्ण सराव त्यावर वाजवावा, आणि उघडताना आतला फोटो काढून ठेवावा. काढलेला प्रत्येक भाग छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, त्याची पीसीबीवरची जागा आणि तारीख चिठ्ठीवर लिहून, ती पिशवी तळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावावी. पिशवी डागांना टेकणार नाही अशा कोपऱ्यात लावावी, कारण एका पेडलातला "बिघाड" शोधण्यात माझे दोन तास गेले होते आणि तो निघाला जुन्या कंडेन्सरचा मोकळा पाय, पिशवी फाडून पीसीबीला लागलेला.